कानाच्या मशीनची जाहिरात

रविवार संध्याकाळ, बिशान, सिंगापूर

आज नानांचं वर्षश्राद्ध. पुण्याहून गुरुजी कॉम्प्युटरवर मंत्र सांगत होते, आणि नेमकी त्यांच्या तोंडावरच ती जाहिरात उघडली. कानाच्या मशीनची. माझ्या बोटात दर्भाचं पवित्रक, ओंजळीत तिळाचं पाणी. माऊसला हात लावणार कसा? गुरुजींना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. ते आपले पुढे म्हणत राहिले आणि मी त्या मशीनकडे बघत बसलो.

चूक माझीच. गेल्या वर्षी वडिलांसाठी मीच ती मशीनं शोधत होतो. "नाना, पुढच्या खेपेला आणतो," असं फोनवर ओरडून सांगितलं, तेव्हा ते "हो, हो" म्हणाले होते. पुढची खेप झाली ती त्यांना पोचवायलाच. तेव्हापासून ही जाहिरात शंभरदा बंद केली असेल. परत येतेच. एवढं साधं जमू नये मला?

शेवटी लेकीला बसवलं. तिने कसलासा ब्लॉकर टाकला, दोन मिनिटांत. "गॉन ऑलरेडी लाह, बाबा. आता बरं वाटतंय ना?"

"हो, हो," म्हणालो.

नाना असंच म्हणायचे, काही ऐकूच आलेलं नसलं की.