पाद्रीबुवांचं वय

प्रिय आर्डिस,

तुझं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, आणि मी तुला टपालाने पत्र पाठवते आहे. तिकीट चिकटवताना माझं मलाच हसू आलं. पण गेल्या आठवड्यात तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. चालत आले असते तर तुमच्या फाटकाशी उभी राहून हवापाण्याच्या गप्पा मारून परत फिरले असते. मी स्वतःला चांगली ओळखते.

बंदुकीने हरणं मारायच्या परवानगीचे नऊ दिवस काल संपले. पहिल्या दिवशी सकाळी मी कान लावून बसले होते. आमच्या रानात बंदूक चालवणारं आता कोणी नाही, पण तुमच्या बाजूनेही एक आवाज आला नाही. तुझ्या गेलनने या वर्षी बंदूक बाहेरच काढली नाही असं दुकानात कळलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाचीने जेवायला बोलावलं होतं, मी सर्दीचं निमित्त सांगितलं आणि अंडं उकडून खाल्लं. माझा मर्ल जाऊन आता पंधरा आठवडे झाले. हरणांना बरोबर कळलंय की घरात एकच म्हातारी उरली आहे. अंगणातल्या सफरचंदाखाली भर दुपारी येऊन उभी राहतात, आणि मी दार उघडलं तरी मान वर करत नाहीत.

तुला आठवतं ना, या रानापायी मी काय काय सोसलं? गाई विकल्यावर मर्लच्या डोक्यात हे खूळ शिरलं. इथले नर हरीण पाच वर्षांचे, भरल्या शिंगांचे होईपर्यंत आपल्याच जमिनीत टिकले पाहिजेत. त्यासाठी मधले चाळीस एकर त्याने बंद करून टाकले. त्यात पाऊल टाकायचं नाही, लाकूडफाटा आणायचा नाही, हरवलेलं कुत्रंसुद्धा शोधायचं नाही. झाडं अर्धी कापून आडवी पाडायची म्हणजे हरणांना आडोसा मिळतो. कडेने त्यांच्या चाऱ्यासाठी क्लोव्हरचं गवत आणि सलगम पेरायचं. पश्चिमेचा वारा असला की त्या बाजूला फिरकायचंही नाही. ऑक्टोबरपासून माझ्या घरात कांदा परतायला बंदी, कारण कपड्यांना वास लागतो आणि हरणं दूर पळतात! नवऱ्याचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन बाहेर दोरीवर वाळत घालणारी बायको तू आणि मी, आपण दोघीच. तू म्हणायचीस, "डोरीन, हा माणूस हरणासाठी जेवढा जपून चालतो ना, तेवढा लग्नात नाचताना चालला असता तर तुझ्या पायाची नखं वाचली असती."

पण एकट्या मर्लच्या जमिनीने भागणारं नव्हतं. हरीण काही कुंपण वाचत नाही. म्हणून माझ्याच टेबलाशी बसून मर्ल आणि गेलन दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की दोन्ही रानांत पाच वर्षांखालचा नर कोणी मारायचा नाही. कागद नाही, सही नाही, नुसता हात मिळवला. त्यानंतर अकरा वर्षं मर्ल रोज संध्याकाळी जेवून तुमच्याकडे. रानात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले हरणांचे फोटो पसरून दोघं गेलनच्या कामाच्या शेडमध्ये बसायचे. कुणाचं पोट सुटलंय, कुणाची मान छातीत मिळालीय, कुणाचे पाय आखूड दिसायला लागलेत, यावरून वयाचा अंदाज. हिवाळ्यात झाडं कापणं, मार्चमध्ये गळलेली शिंगं वेचणं. त्यांचं वर्ष कधी संपतच नव्हतं. तू म्हणायचीस, "बरं आहे की, घर मोकळं मिळतं." आर्डिस, तुझ्या घरी तीन पोरं होती. माझ्या घरी घड्याळ होतं. मी तुला हे कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू गेलनला सांगितलं असतंस आणि मर्लला माझी कीव आली असती. ती मला नको होती.

मग रानात तो मोठा नर आला, आपले पाद्रीबुवा. मान खाली घालून संथ चालायचे म्हणून तूच ते नाव ठेवलंस. मर्ल म्हणायचा, "चारचा आहे, अजून एक वर्ष थांबू." गेलन म्हणायचा, "डोळे तपासून घे, म्हाताऱ्या, हा सहाचा आहे." महिनाभर दोघांचं हेच चाललं होतं, तेही हसतखेळत. आणि शिकारीच्या मोसमाच्या पहिल्याच सकाळी गेलनने त्याला पाडला. मर्ल गाडीपाशी गेला, शिंगांना हातसुद्धा लावला नाही. "शब्द दिला होतास," एवढंच म्हणाला. गेलन म्हणाला, "अरे, पोट बघ त्याचं! जबडा उघड, दात बघ, मग बोल." मर्ल म्हणाला, "खोटारड्याच्या हरणाचे दात मी मोजत नाही." तुझ्यासमोर म्हणाला तो. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

दोन दिवसांनी गेलनने तो जबडा पावाच्या पिशवीत घालून आमच्या पायरीवर ठेवला. दाढा किती झिजल्यात ते बघितलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. मर्लने पिशवी उघडली नाही. आपणच चुकलो असू तर काय, या भीतीने उघडली नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं. "फेक ते," म्हणाला. मी पिशवी घेऊन बाहेर गेले.

आणि तो हिवाळा, आर्डिस, माझ्या लग्नातला सगळ्यात सुखाचा हिवाळा होता. लिहिताना लाज वाटते. मर्ल संध्याकाळी घरी असायचा. भांडी पुसायला यायचा. आम्ही पत्ते खेळायचो, आणि हरला की लहान पोरासारखा फुगायचा. एकदा त्याने मला विचारलं, "तू रोज या वेळी काय करायचीस गं, मी नसताना?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. पुढच्या वर्षापासून मात्र तो गप्प होत गेला. खिडकीत बसून तुमच्या शेडचा दिवा बघायचा. घरात होता, पण माझ्याजवळ नव्हता. तरी त्याला मी जाऊ दिलं नाही.

त्या पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या अखेरीस, तू लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आली होतीस. "डोरीन, नवरे भांडोत, आपलं काय?" असं दाराबाहेरून म्हणालीस. मी आत जिन्याखाली उभी होते. तुला वाटलं, मर्लने मला बंदी घातली. साऱ्या चर्चला तसंच वाटलं, आणि मी वाटू दिलं. दर डिसेंबरला आपण दोघी मिळून लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायचो. भांडणानंतरचे नऊही डिसेंबर मी एकटीने लाटले. एकटीचे लेफ्से काठाला जाडच राहतात.

जुलैत, इस्पितळात, एका दुपारी मर्ल छताकडे बघत म्हणाला, "डोरीन, पाद्रीबुवा पाचच्या वर असेल का गं?" मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "झोप आता." तीन आठवड्यांनी तो गेला. अंत्यविधीला गेलन शेवटच्या रांगेत उभा होता, कॉफीलाही थांबला नाही. जाताना माझा हात धरून म्हणाला, "डोरीन, मी खोटं बोललो नव्हतो." मी त्याला "आल्याबद्दल आभार" म्हणाले.

जबडा मी तसाच फेकला नव्हता. समोरचे दोन दात पकडीने उपटले आणि पश्चिमेकडच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथे दाताची चकती कापून झाडासारख्या रेघा मोजतात. तेव्हा माझ्या मनात खरंच पाप नव्हतं. भांडण मिटावं एवढंच होतं. उत्तर यायला तीन महिने लागले, आणि तेवढ्या दिवसांत मला नवऱ्याची सवय झाली होती. तू वड्या घेऊन आलीस त्याच्या चारच दिवस आधी ते आलं. ते या पाकिटात आहे. वय साडेसहा वर्षं. गेलनचं बरोबर होतं. तू हे त्याला वाचून दाखव. मला माफ कर असं मी म्हणत नाही, फक्त खोटारडा हा शब्द त्याच्यावरून काढून घेते, कारण ज्याने तो लावला त्याला ते करायची संधी मी दिली नाही. आणि एक तुझ्यासाठी. मर्लने तुम्हाला सोडलं नव्हतं, आर्डिस. तो नऊ वर्षं तुमच्याकडे यायला निघालेला होता, आणि मी दार लावून बसले होते.

तुला चालत असेल तर अजूनही तुझीच,
डोरीन