बटणावरची चमक

मंगळवार संध्याकाळ, पिपरी मेघे

डोकं अजून तापलेलंच आहे. आंजी गावच्या त्या भाजीच्या व्यापाऱ्याले दुकानाच्या फ्लेक्सवर 'फोन करा'चं हिरवं बटण पाह्यजे होतं, मोबाईलवर असते तसं, काचेचं. सारी दुपार कॉम्प्युटरवर ते डिझाइन बनवण्यातच गेली. वरच्या अर्ध्या भागावर पांढरी चमक दिली, खाली येता येता विरून जाणारी, आरपार. इतकी खरी, की बोटानं दाबून पाहावं वाटे.

तो आला आन् म्हणे, "ताई, ट्यूबलाइट बंद करा. उजेड पडून राह्यला स्क्रीनवर."

मी बंद केली. चमक तिथंच. मग पठ्ठ्यानं गमछ्यानं स्क्रीन पुसली!

म्हटलं, "भाऊ, ते चमक मीच बनवली."

"डाग दिसते तो. काढून टाका."

काऊन नाई भांडली मी? आमचा फ्लेक्सवाला मालक समोर बसला होता म्हणून? काढून टाकली चमक. राह्यला सपाट हिरवा ठिपका.

मग त्यानंच उठून ट्यूबलाइट लावली. उजेड त्या ठिपक्यावर पडला, नेमका माझी चमक होती तिथंच.

"हां! आता दिसून राह्यलं काचेवानी!"

तसंच छापाले पाठवलं. आता दुकानासमोर ट्यूबलाइट धरून उभा राह्य म्हणा.