घड्याळाचं दुकान नव्हतं ते

प्रिय छोटी,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. चौपन्न वर्षांच्या बाईला छोटी म्हणू नये हे कळतं मला, पण जिभेला जे वळण लागलं ते लागलं. उत्तराला उशीर मुद्दाम केला नाही. बेकरीच्या मागच्या खोलीत टेबल नाही, पिठाच्या पोत्यांवर फळी टाकून लिहिते आहे. कागदावर पांढरे डाग दिसले तर ते पिठाचे आहेत, उगाच भलता अर्थ काढू नकोस.

आपला पब पाडला. रस्ता रुंद करायचा होता आणि आपली इमारत नेमकी वाटेत होती, त्यामुळे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. चार दिवस काम चाललं. मी समोर बेकरीच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते. बेकरीवालीने माझ्यासाठी धुतलेला रुमाल तयार ठेवला होता, तो तसाच घडी केलेला राहिला. आधी पाटी उतरवली, मग खिडकी, मग वरच्या आपल्या दोन खोल्या. शेवटी खालची जागा मोकळी झाली तेव्हा ती इतकी लहान दिसली की एवढ्याशा जागेत पस्तीस माणसं कशी बसायची, हे मलाच उमजेना. एका कामगाराने विचारलं, इथे काय होतं. मी म्हटलं, पब होता. तो बरं म्हणाला आणि घमेलं उचलून गेला.

त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. ताई, आता एकटी राहू नकोस, इकडेच ये, मागची खोली तुझीच समज, असं तू लिहिलं आहेस. ते मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना खालच्या परिच्छेदाशी अडखळले. माझ्या सासरी सगळे अजून असंच समजतात की बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तेवढं सांभाळून घे. आणि त्यापुढे, घड्याळांतलं थोडंफार तुला येतच असेल. छोटी, मला घड्याळात किती वाजले ते बघता येतं, त्यापलीकडे काही नाही. तर यायचं की नाही आणि यायचं तर कोण म्हणून यायचं, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देते, पण आधी पबाबद्दल थोडं लिहू दे. इथल्या माणसांना सगळं माहीत आहे, त्यांना काय सांगायचं? तुला मात्र काहीच माहीत नाही.

रागावू नकोस, खरंच माहीत नाही. तू तो पब फक्त बाहेरून पाहिलास, दप्तर पाठीला लावून, मान खाली घालून जिना चढताना. शाळेत पोरी तुला गुत्तेवाल्याची म्हणायच्या. मलाही म्हणायच्या. मी एकीची वेणी धरून ओढली आणि तो विषय संपला. तुला ते जमलं नाही, तू आतल्या आत कुढत राहिलीस, आणि शिकायला दुसऱ्या शहरात गेलीस तेव्हा बाबांना नवा धंदा लावून दिलास. बावीस वर्षांच्या मुलीने लाजेपोटी एक थाप मारली, त्यात मोठं काय? बत्तीस वर्षं ती तशीच ठेवलीस, हे मात्र मोठं आहे.

अकराला दार उघडायचं. त्याआधी बाबा काउंटर गरम पाण्याने घासायचे. सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या, ओल्या लाकडाचा आणि कालच्या बिअरचा मिळून एक वास, आणि बाबा शिट्टी वाजवत एकटेच. ती वेळ मला फार आवडायची. दुपारी दोननंतर खिडकीपाशी ऊन यायचं, तिथे घड्याळजी बसायचे. शेजारच्या गल्लीत त्यांचं खरंखुरं दुकान होतं, पण तिथे उजेड कमी म्हणून ते बारीक काम घेऊन आमच्याकडे येत आणि एका ग्लासावर तीन तास काढत. गणिताचे मास्तर चारला यायचे आणि पाचपर्यंत जगातल्या सगळ्या माणसांना मूर्ख ठरवायचे. शिंप्याची बायको नवरा गेल्यावर दर बुधवारी विणकाम घेऊन यायची, अर्धा ग्लास संपवून सुया गुंडाळून जायची. घरी भिंतींशी काय बोलू, म्हणायची.

बाबांचे नियम दोनच. भांडायचं असेल तर आपापले ग्लास काउंटरवर ठेवून फुटपाथवर जायचं. बहुतेक भांडणं दोन मिनिटांत मिटायची, कारण आत बिअरचा फेस बसत असे. आणि ज्याला पुरे झालं असं बाबांना वाटे त्याच्यापुढे ते काही न बोलता पाण्याचा ग्लास ठेवत. त्यावर कुणी हुज्जत घातलेली मी पाहिली नाही. बाबा काही संत नव्हते, दारू विकत होते, दूध नाही. आमच्याकडे पिऊन वाया गेलेलीही दोन-तीन माणसं होती, त्यांची नावं मी विसरले नाही. पण माणसं तिथे नुसती प्यायला येत नव्हती. कुणीतरी आपल्याला आत येताना बघावं आणि आलास का म्हणावं, एवढ्यासाठीही येत होती.

आता तुझ्या घड्याळांचं सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तू जावईबापूंचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ पार्सलने पाठवलंस. चिठ्ठीत एवढंच की तिकडे कुणाकडून तरी दुरुस्त करून घ्या. बाबांना नवल वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात घड्याळजी नाही की काय? पण त्यांनी ते खिडकीतल्या टेबलावर दिलं, घड्याळजींनी दोन दिवसांत चालू केलं, आम्ही परत पाठवलं. मग जावईबापूंचं आभाराचं पत्र आलं, थेट बाबांच्या नावे. तुमच्या हातात जादू आहे, या वयातही नजर इतकी तीक्ष्ण, आपल्या कलेबद्दल हिच्याकडून नेहमी ऐकतो, वगैरे. बाबांनी ते काउंटरमागे उभ्यानेच वाचलं. मग हात पुसून पुन्हा वाचलं. मी विचारलं तर म्हणाले, जावई सज्जन आहे. नंतर घड्याळजींच्या टेबलाशी जाऊन त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. घड्याळजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं माझ्याच धंद्यावर तुझा डोळा होता तर. दोघं इतके हसले की मास्तरांना कारण सांगावंच लागलं, आणि मास्तरांना सांगितलं म्हणजे सगळ्या पबला सांगितलं.

तेव्हापासून तुझं ते दुकान आमच्याकडे चालू होतं. तुझ्या नणंदेचं, सासऱ्यांचं, त्यांच्या साहेबांचं, एकूण अकरा घड्याळं आली. दुरुस्त झालं की प्रत्येक घड्याळ एकेक दिवस कुणीतरी हातात घालून बघायचं, पार्सल बांधण्याआधी. शिंप्याच्या बायकोने तुझ्या सासूबाईंचं घातलं होतं, पट्टा घट्ट आहे म्हणाली. बाहेर याची कुणाला कानोकान खबर नव्हती. पाठीमागेही कुणी तुला नावं ठेवली नाहीत. पोरगी लांब गेली आहे, तिला तिकडे मान वर करून राहू दे, एवढंच बाबा म्हणायचे. झाकली मूठ तशीच राहू द्या, म्हणायचे. तू बोलावलंस तरी ते तुझ्याकडे कधी आले नाहीत, दुकान सोडून कसं येऊ, म्हणत राहिले. खरं कारण असं की जावईबापूंच्या पहिल्याच प्रश्नाला आपण पकडले जाऊ आणि तुझी फजिती होईल, याची त्यांना धास्ती होती.

आणि एकदा तुम्हीच इकडे येणार असं तू कळवलंस. भाची सहा वर्षांची होती. गाडी बदलायला चार तास आहेत, हे म्हणतात सासऱ्यांचं दुकान बघायचंच आहे, काहीतरी कर. बाबांनी केलं. पंधरा दिवस सकाळी घड्याळजींकडे शिकवणीला बसले, या वयात त्यांना चाकांची नावं पाठ होईनात. आदल्या दिवशी आम्ही बाटल्या वर माळ्यावर नेल्या, बिअरच्या नळांवर पांढरी चादर टाकली. नेहमीच्या मंडळींनी आपापल्या घरातली घड्याळं आणली. मास्तरांनी आजोबांच्या वेळचं टोल्यांचं घड्याळ एकट्याने उचलून आणलं आणि मग आठवडाभर कंबर धरून चालले. घड्याळजी नोकर म्हणून कोपऱ्यात बसायला तयार झाले. बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसले, डोळ्याला घड्याळजींचं भिंग, पुढे एक उघडलेलं घड्याळ. गंभीर चेहऱ्याने. मला हसू येत होतं, पण ते नवा सदरा घालून बसले होते म्हणून हसले नाही.

दीड वाजता तुझा फोन आला. यांना अचानक काम निघालं, गाडीच चुकली, पुढच्या वेळी नक्की. बाबा बरं बरं म्हणाले, सगळ्यांना सांभाळून राहा म्हणाले, फोन ठेवला. मग तसेच खुर्चीत जाऊन बसले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. पाच वाजेपर्यंत बसले होते. कुणीही चादर काढा म्हटलं नाही. मंडळी चहा पीत बसली, त्या पबात एकमेकांना चहा पिताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पाचला बाबा उठले आणि नेहमीसारखे काउंटरमागे उभे राहिले.

दोन महिन्यांनी भाची फोनवर मला म्हणाली, मावशी, आम्ही तुमच्या स्टेशनवर चार तास बसलो होतो, आजोबांना ताप होता ना म्हणून आई नको म्हणाली. हे मी बाबांना सांगितलं नाही. तुलाही आजवर बोलले नाही. त्यांना अंदाज आला असावा, कारण त्यानंतर ते तुमच्या येण्याचा विषय काढेनासे झाले. मला तुझा राग आला होता, चांगला वर्षभर टिकला. मग बाबा गेले, तू एकटीच दोन दिवस येऊन गेलीस, आणि तुझा उतरलेला चेहरा बघून मी गप्प बसले.

बाबांनंतर नऊ वर्षं पब मी एकटीने चालवला. आधीची धरली तर काउंटरमागे माझी चौतीस वर्षं झाली. पिंप बदलायला शिकले, पाण्याचा ग्लास कुणापुढे कधी ठेवायचा ते शिकले, तो तर बाबांपेक्षा मी जरा लवकरच ठेवायचे, अशी तक्रार होती. घड्याळजी गेले त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे बसून गेले. हे सगळं मी केलं आणि मला ते आवडत होतं. आता तुझ्या पत्रानंतर मी आठ दिवस एकच विचार करते आहे, की तुझ्या त्या घड्याळाच्या दुकानात मी नेमकी कुठे बसते? बाबांना तू निदान खुर्ची आणि भिंग तरी दिलंस. माझं काय सांगितलं आहेस तिकडे? बाबांना मदत करते, एवढंच ना? साठी उलटलेल्या बाईने रोज जेवायला बसताना स्वतःचं आयुष्य गिळायचं, हे मला जमायचं नाही. आणि आता तर दाखवायला इमारतही उरलेली नाही. मीही नाही म्हटलं तर तो पब होता हे म्हणायला आपल्या घरातलं कोण राहिलं?

बेकरीवाली म्हणते, हवं तितकं राहा. खोली उबदार आहे, पहाटे पावाचा वास येतो, माझं अडलेलं नाही. पण मला तुझ्याकडे यायचं आहे, छोटी. मनापासून यायचं आहे. तुझ्याशी भांडायला, तुझं स्वयंपाकघर आवरायला, भाचीला बघायला. म्हणून हे पत्र इतकं लांबवलं. लिहिलं तुला, पण वाचायचं आहे ते जावईबापूंनी आणि भाचीने. हे पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं ठेव आणि थोडा वेळ बाहेर फिरून ये, एवढंच तुला करायचं आहे. बोलायची गरज नाही, ते तुला जमणार नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी तुझ्या हातून काही फुटलं की बाबांना सांगायला मीच जायचे, तू जिन्यात थांबायचीस. या वेळीही मीच सांगितलं आहे. त्यांनी वाचलं की कळव, मी त्याच आठवड्यात निघेन. पत्र कपाटात ठेवलंस तरी मी रागावणार नाही, मधूनमधून लिहीत राहीन. फक्त मग मी येणार नाही.

तुझीच,
ताई