बाईंजवळ कोण बसणार

९ नोव्हेंबर, सोमवार दुपार

प्रिय वहिनी,

प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही बऱ्या असाल अशी आशा करते. भाचीला शाळेत नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. शिवणाचं दुकान चालू आहे, पण हल्ली लक्ष लागत नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड केला आणि तशीच घडी घालून दिली. तो बिचारा हसला. मला हसायचंही त्राण नव्हतं.

ऑर्गनवाल्या बाई अंथरुणाला खिळल्या आहेत. चाळीस वर्षं उपासनेत ऑर्गन वाजवला त्यांनी. आपला सूर चुकला की वाजवणं थांबवून अख्ख्या मंडळीकडे वळून बघायच्या, आठवतं ना? फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. मागेपुढे कोणी नाही. पाळकसाहेबांनी उपासनेत विचारलं, “बाईंजवळ कोण बसणार?” अकरा हात वर झाले. कोणी कधी बसायचं त्याचा तक्ता देवळाच्या दाराशी लागला.

पहिला महिना नुसती लगीनघाई. एकाच दुपारी तीन-तीन डबे. मग एकीची कंबर धरली, एकाची बदली झाली, एकीची सून बाळंत झाली. कारणं खोटी नव्हती हो. पण जूनपर्यंत उरलो मी आणि निवृत्त पोस्टमन. ते भाजी आणतात, बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. कूस बदलणं, धुणंपुसणं माझ्याकडे. मंडळीत सगळे मला देवमाणूस म्हणायला लागले. देवमाणूस म्हटलं की मदतीला यावं लागत नाही.

गेल्या बुधवारी सकाळपासून दोनदा चादर बदलली. तिसऱ्यांदा बदलून पाठ सरळ करतेय, तोच बाईंच्या डाव्या हाताचा धक्का लागून पेजेचा वाडगा उलटा झाला. आणि खालून पुन्हा ओलं.

“मुद्दाम करता का?” मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते.

बाहेरून कुलूप लावलं आणि समोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटं म्हणून. बसल्या जागी डोळा लागला. जाग आली तेव्हा शाळा सुटून मुलं घरी चालली होती. तीन तास, वहिनी. बाई तशाच पडून होत्या, भिजलेल्या, गार.

त्यांना नीट बोलता येत नाही आता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जे... जेवलीस?”

“नाही.”

“मग जेव... आधी.”

काल उपासनेत सूचना संपल्यावर मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. पाळकसाहेब सावरून घ्यायला बघत होते. “ताई थकल्या आहेत.”

“थकलेच आहे,” मी म्हणाले. “पण त्याने झालेलं पुसलं जात नाही. बाई आपल्या सगळ्यांच्या आहेत. माझ्या एकटीवर टाकाल तर माझ्या हातून त्यांचं काहीतरी वाईट होईल.”

बाहेर आल्यावर बेकरीवालीने मला गाठलं, ती तिखट जिभेची. “मंगळवार आणि शुक्रवार माझे,” म्हणाली. “मला गोड बोलता येत नाही, पण अंग पुसता येतं.” संध्याकाळपर्यंत आणखी दोघी आल्या. किती दिवस टिकतील, प्रभू जाणे.

आजची ही पहिली मोकळी दुपार. झोपावं म्हणून आडवी झाले, पण डोळा लागेना. त्या बाकावरून उठल्यापासून एकच गोष्ट आठवतेय. चार वर्षं ती लिहायची टाळली.

दादा सात महिने पडून होता. मी दर रविवारी संत्री घेऊन यायचे, खुर्चीच्या कडेला टेकायचे, “प्रार्थना करतेय हं” म्हणायचे आणि निघायचे. एकदा तुम्ही दारापर्यंत आलात. “वन्सं, तासभर बसता का? मला फक्त आंघोळ करायची आहे,” म्हणालात.

मी म्हणाले, “गिऱ्हाईक यायचंय.”

रविवारी, वहिनी! रविवारी दुकान बंद असतं हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही तशाच आत वळलात.

दादा गेल्यावर तुम्ही देवळात यायचं सोडलंत, तेव्हा चारचौघींत मीच म्हणाले, वहिनीचा विश्वास डळमळला. तुमचा विश्वास कशाला डळमळेल? आम्ही आलो नाही, एवढंच झालं होतं. त्यातही मी. सख्खी बहीण.

परत या म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही, तेवढं माझं तोंड नाही. क्षमा मागते. उत्तराची घाई नाही.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, असं पोस्टमन म्हणत होते. आता गुरुवार आणि शनिवार माझे मोकळे असतात. मी येईन. डोळ्यांत थेंब घालीन, भांडी घाशीन. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. दार तेवढं उघडा.

त्या रविवारी तासभर न बसलेली,
तुमची नणंद