चार मिलिमीटरचा फॉल्ट

२२ सप्टेंबर १९७७, गुरुवार. सोलापूर

डोळ्यांचा पिवळेपणा गेला. तरी डॉ. म्हणतात, तीन आठवडे मुंबईचं नाव काढायचं नाही. तेल बंद, तिखट बंद. अप्पांच्या ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी. माझ्या वाटीत ज्वारीच्या कण्या. ह्या काविळीचं वाटोळं होवो!

दु. ऑफिसातून पार्सल. साहेबांनी जहाजावरच्या रेकॉर्डची कागदी गुंडाळी धाडली, घरी बसून अहवाल पुरा करा म्हणून. तेलाची पाइपलाइन समुद्रतळावरून कुठून न्यायची, त्याची बैठक १७ ऑक्टो.ला. खाली पेनाने दोन ओळी: "फॉल्ट तुम्ही शोधलात. नोव्हेंबरच्या फेरीला जहाजावर तुमचं नाव सुचवतोय."

दहा वेळा वाचलं. चार वर्षं जहाजावरून आलेले कागद वाचतेय, जहाजावर पाऊल नाही. बाईमाणसाची सोय नाही, हे एकच उत्तर. आणि आता माझं नाव! घरात इतक्यात सांगायचं नाही. लेक जहाजावर जाणार म्हटलं तर अव्वा घर डोक्यावर घेईल.

२४ सप्टें.

गुंडाळी सोप्यात पसरली, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अव्वा म्हणाली, "काय गं हे काळं काळं?" सांगितलं, जहाजामागे पाण्यात विजेची ठिणगी पाडतात, तिचा आवाज तळावर आपटून परत येतो, थोडा तळाखालच्या गाळात शिरून मग येतो, आणि यंत्र त्याच्या रेघा काढतं. वरची जाड रेघ म्हणजे समुद्राचा तळ, खालच्या रेघा गाळाचे थर.

"आन् मासे?"

मासे नाहीत म्हटल्यावर उठून गेली.

जहाज समुद्रावर समांतर ओळींत फिरतं. ओळ १४ वर माझा फॉल्ट, तळातली भेग. तळ आणि खालचे सगळे थर एका जागी तुटून खाली बसलेत. शेजारच्या १३ आणि १५ वर अंधुक खूण. तिन्ही जोडून नकाशावर लाल रेघ मारलीय. ऑफिसात तिला 'सोलापूर फॉल्ट' म्हणतात, मला चिडवायला. मला काही राग येत नाही!

२७ सप्टें., मंगळ.

अप्पांशी भांडले.

अप्पा सकाळी गुंडाळीपाशी उकिडवे बसले. तीस वर्षं मिलच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासलेला माणूस; काहीही पसरलेलं दिसलं की उजेडाच्या बाजूला जाऊन तिरकं बघणार. मी कौतुकाने फॉल्ट दाखवला. म्हणाले, "आमी पन फॉल्टच म्हणायचो की." आणि बघतच राहिले. मग, "इल्ली नोडु, गिरिजा. हितं बग. धागा तुटला तर तेवढाच तुटतो. हितं वरपासनं खालपतूर सगळ्या रेघा एकदम, आन् सारख्याच उतरल्यात. ही धाग्याची चूक न्हाई. मागाची हाय."

मी फाडकन बोलले, "अप्पा, हे कापड नाही, समुद्राचा तळ आहे."

"व्हय की. समुद्रातलं मला काय कळतंय," म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

एम.एस्सी. कुणी केलं, मी की अप्पांनी? उगाच बोलले तसं.

२८ सप्टें.

झोपले नाही नीट. उजाडल्याबरोबर पट्टी घेतली. तळाची पायरी: चार मिमी. पहिला थर: चार. दुसरा: चार. अगदी खालचा, जुन्यात जुना: चार.

खरा फॉल्ट पुन्हा पुन्हा हलतो. जुना थर जास्त तुटायला हवा, नवा कमी. शिवाय तिरका जायला हवा. हा सरळ उभा, सुरीने कापल्यासारखा.

आणखी एक. पाणी खोल-उथळ झालं की ऑपरेटर यंत्राची डायल फिरवतो, म्हणजे सगळं चित्र कागदावर सरकतं. तसं केलं की कडेला लिहायचं असतं. इथे काही लिहिलेलं नाही, पण लिहायचं राहिलं असेल तर? मग ही पायरी तळाची नाही, डायलची. जहाजावरच्या कुणालाही हे बघता क्षणी सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी ती डायल आयुष्यात पाहिलेली नाही.

अप्पा उठायच्या आत गुंडाळी आवरून ठेवली.

३० सप्टें., शुक्र.

पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकावर. जहाजावरचा ऑपरेटर कुट्टी पावसाळाभर ऑफिसातच असतो. ओरडून ओरडून घसा बसला. कुट्टी: "फिरवली असेल, मॅडम. नसेलही. आठवत नाही. लिहायचं राहिलं असेल तर सॉरी हां." मग म्हणाला, "तुम्ही येताय ना नोव्हेंबरला? वरची केबिन तुमच्यासाठी रिकामी करतायत."

तीन मिनिटं संपली.

१ ऑक्टो.

१३ आणि १५ पुन्हा पाहिल्या, भिंग घेऊन. १३ वरची खूण म्हणजे शाईचा फराटा. लाज वाटली. १५ वर मात्र काहीतरी आहे. बारीक, तिरकं, खाली जास्त, वर येता येता विरलेलं. असा खरा असतो. पण एवढ्याशा खुणेवर लाल रेघ? १४ व्या ओळीवरून जहाज परत नेल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

३ ऑक्टो.

गप्प बसले तर? साहेबांची सही होणार, कुट्टीला आठवत नाही, कुणाला पत्ता लागायचा नाही. मी नोव्हेंबरला जहाजावर जाईन, स्वतः ती ओळ पुन्हा काढेन, मग सावकाश दुरुस्त करीन. किती सोयीचं!

पण बैठक आधी आहे. फॉल्ट टाळायचा म्हणून पाइप उत्तरेला वळवणार, आणि उत्तरेला मऊ चिखल. उतारावरचा. तो घसरतो, हे मीच मागच्या वर्षी लिहून दिलंय.

४ ऑक्टो.

साहेबांना पत्र टाकलं, रजिस्टर्ड. लाल रेघ काढून टाकावी. चूक माझी. १४ पुन्हा काढावी. १५ बद्दल शंका कायम. नोव्हेंबरच्या फेरीचा उल्लेख केला नाही.

पावती ह्या वहीत ठेवली.

८ ऑक्टो., शनि.

अव्वाने पिच्छा पुरवला, तोंड का पाडलंस म्हणून. सांगितलं सगळं, जहाजासकट. अव्वा: "अगं बाई! गड्यांच्यात? निजायचं कुटं?" केबिन होती म्हटलं. "होती म्हंजे?" होती म्हणजे होती. आता बहुतेक नाही.

अप्पा ऐकत होते. पान लावत होते ते हात थांबले. सं. बाहेरही गेले नाहीत.

१२ ऑक्टो.

साहेबांचं पत्र. चार ओळी. आधीचा नकाशा त्यांनी वर पाठवून झालाय, त्यांच्या सहीने. "हे मला आधी कळवायला हवं होतं. १७ ला सकाळी अकराला गुंडाळी घेऊन बैठकीत हजर राहा. तुम्हीच सांगा." नोव्हेंबरबद्दल अक्षर नाही.

रडले. सरळ रडले, कारण मला जायचं होतं. अजून जायचंय.

१६ ऑक्टो., रवि. सोलापूर स्टेशन

गाडीला अर्धा तास. अप्पा गुंडाळी मांडीवर घेऊन बसलेत, हमालाला हात लावू दिला नाही. अव्वाने बजावलंय, मुंबईत तेलकट खाशील तर बघ.

मघाशी अप्पा रुळांकडे बघत म्हणाले, "त्या दिशी मी गप बसलो असतो तर बरं झालं असतं का गं?"

"नाही," म्हणाले मी. पण त्याच्याआधी ओठावर 'हो' आलं होतं. ते अप्पांनी पाहिलं. मान डोलावली आणि चहा आणायला उठले.

परत येताना दिसतायत, दोन कप, चालताना सांडू नये म्हणून हळूहळू. आता त्यांना काय सांगू? उद्या अकरा वाजता काय सांगायचं ते पाठ आहे. हे नाही.