तलावाच्या पाळीवर घरची बाई

माझ्या हट्टी आईस,

आज नागपूरला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात तुझं वाक्य खोडण्यासाठी मी हात वर केला. परतताना एस.टी.त जिवाला चैन नव्हतं. तुमसरला घरी आले आणि तशीच लिहायला बसले. तू गेल्यापासून भांडायलाही कुणी उरलं नाही गं!

आठवतं ना, मी बी.एस्सी.ला असताना वनस्पतिशास्त्राला पचमढीची सहल सक्तीची होती? सहल नाही तर पदवी नाही. बाबांनी एका दमात सांगून टाकलं, "लग्नाआधी पोरगी परगावी मुक्काम नाही करनार." मी रडून रडून डोळे सुजवून घेतले.

तेव्हा आमच्या सरांनी मंडळाकडे बदल सुचवला. ज्या मुलींना बाहेर जाता येत नाही, त्यांनी गावच्या तलावावरच वनस्पती गोळा कराव्यात. आपला तलाव त्या कामाचा आहे का, हे पाहायला मंडळाची चार माणसं जीपने पवनीला आली. तलाव पाहून झाल्यावर सर त्यांना आपल्याकडे चहाला घेऊन आले.

आणि तू काय केलंस! बूट घातलेले चार अनोळखी पुरुष दारात दिसताच मला ओढत आत नेलंस. तुझी ठेवणीतली साडी नेसवलीस, हातात पोह्यांचं ताट दिलंस. मी काकुळतीला येऊन सांगत होते, हे तसले पाहुणे नाहीत! तर म्हणालीस, "गप राह्य. मले शिकवून राहिली का?"

त्यांनी तलावातल्या वनस्पती विचारल्या. मी डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून त्यांची लॅटिन नावं सांगितली. तू मात्र सरांजवळ सरकलीस. "गुरुजी, याच्यात पोराचा बाप कोनता हाय?"

एका पाहुण्याला पोहे खाता खाता असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं!

खरं कळल्यावर तू लाजशील असं मला वाटलं होतं. पण तू कसली लाजतेस? पदर खोचलास आणि उभी राहिलीस. "मंग पोरीची पदवी काहून अडवून राहिले तुमी? तलाव तं इथंच हाय. तिच्या बापाले भेव वाटते, तं मी बसतो ना पाळीवर. घरची बाई संग असली का झालं!"

बदल मंजूर झाला. त्याखाली अट आली : विद्यार्थिनीसोबत घरची एक स्त्री असावी. तुझंच बोलणं, फक्त इस्त्री केलेलं. त्या हिवाळ्यात तू रोज सकाळी पाळीवर बसून तांदूळ निवडलेस, आणि मी पदवीधर झाले. आई, तेव्हा तुला नीट मिठीसुद्धा मारली नाही मी.

आता माझ्या वर्गात नाकाडोंगरीची एक मुलगी आहे. हुशार, आणि तुझ्यासारखीच तोंडाळ. तिला आई नाही, बहीण नाही, काकू नाही. बाप खाणीत कामाला, सहलीचा खर्च झेपत नाही, म्हणून तिलाही गावचा तलावच. मी सोबत जाते म्हटलं, तर कार्यालयानं सांगितलं, प्राध्यापिका चालत नाही, 'घरची' हवी. तुझ्या अटीपायी तिची पदवी अडली! विश्वास बसतो का तुझा?

म्हणून ती अट काढण्याचा ठराव मीच मांडला. मंजूरही झाला. तुझ्या पोह्यांनी ठसका लागलेले ते गृहस्थ आता म्हातारे झालेत, पण मंडळावर आहेत. हात वर करताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्या आई असत्या तर आधी त्यांचाच हात वर गेला असता."

खरंच गेला असता का गं? मला तर तुझा आवाज ऐकू येतो, "खोडलं तं खोडलं. पन ते लेकरू एकटंच जाईल का तिथं?"

नाही जाणार. तुला शब्द देते. या हिवाळ्यात नाकाडोंगरीच्या तलावाच्या पाळीवर मी बसेन. निवडायला तांदूळ नेईन, डब्यात पोहे नेईन. आणि कुणी विचारलंच, तुम्ही हिच्या कोण, तर सांगेन, मी हिच्या घरची बाई.

तुझी,
अजून पोह्यांचं ताट धरून उभी असलेली
सुमन