निघतानाची चाचणी

१० नोव्हेंबर, सोमवार
आज घाटकोपरला घरूनच काम केलं. नितेश गेला, त्याचं पुण्यानुमोदन होऊन महिना झाला. भावाचा नंबर आता बंद करू या, असं आईला म्हटलं. "राहू दे गं. तुझं काय खातोय तो?" शनिवारी बंद करून येणार आहे.
सहाला, रोज ऑफिसातून निघताना चालवते तशा, सॉफ्टवेअरच्या सगळ्या चाचण्या एकदम चालवल्या. पास. तेवढ्यात कपाटावर नितेशचा फोन वाजला. आई उठून तांदूळ धुवायला गेली. मी मेसेज पाहिला. 'उद्या सकाळी दहा वाजता आपली दातांची अपॉइंटमेंट आहे.' हे वाक्य मीच लिहिलेलं आहे. चाचणीसाठी.

११ नोव्हेंबर
ऑफिसात चूक सापडली. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या पेशंटना अपॉइंटमेंटचे मेसेज पाठवतं. चाचणीत खरे मेसेज जाऊ नयेत म्हणून मी पाठवण्याचं काम करणाऱ्या कोडला, मेथडला, स्टब लावला होता – म्हणजे खरी मेथड चालत नाही, तिच्याऐवजी 'पाठवला' एवढं ठरलेलं उत्तर मिळतं. पण स्टब मी बनवलेल्या एकाच ऑब्जेक्टवर, म्हणजे त्या कोडच्या एकाच प्रतीवर होता. आतला कोड दर वेळी नवीन ऑब्जेक्ट बनवतो. तो नवा ऑब्जेक्ट मेसेज खरोखर पाठवतो, आणि उत्तर तेच देतो – 'पाठवला'. म्हणून तीन वर्षं चाचणी कधी अडलीच नाही. नंबर नितेशचा टाकला होता, कारण तेवढाच पाठ होता.
शेजारी बसणारा सुबोध म्हणाला, "तीन वर्षं? यार रेवती, भावाने एकदा तरी शिव्या घातल्या असतील ना?"
"नाही."
"मग दात तरी दाखवून घेतले का त्याने?"
मग त्याच्या लक्षात आलं. न विचारताच माझ्यासाठी चहा घेऊन आला.

१२ नोव्हेंबर
नितेशचा फोन उघडला. सगळे मेसेज आहेत. रोज एक, माझ्या सुट्टीच्या दिवशी नाही. एकही पुसलेला नाही. मला का बोलला नाही, कळत नाही.

१३ नोव्हेंबर
दुरुस्ती केली. आता आतल्या कोडने नवीन बनवायचा नाही, ऑब्जेक्ट बाहेरून द्यायचा, म्हणजे स्टब त्यालाच लागतो. सहा वाजता सगळं पास. खरा मेसेज गेला नाही. साकीनाक्याहून मेट्रो पकडली, पावणेसातला घरी.
कुकर लावलेला नव्हता. आई ओट्याशी उभी होती, तांदूळ भिजत ठेवून.
"आज त्याचा फोन वाजला नाही. मला वाटलं, तू निघालीच नाहीस."
"त्याच्या फोनचा काय संबंध?"
"नितेशनेच सांगून ठेवलंय. हा वाजला की ताई निघते, तेव्हा कुकर लाव. ती येईपर्यंत वाफ जिरते."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्या नंबर बंद करायला जायचं नाही. सहाला चाचण्या चालवल्या, पास. ऑफिसच्या जिन्यात थांबून नितेशच्या नंबरवर टाइप केलं – निघते. पाठवला.